थायरॉइडच्या गोळीबाबत या चुका टाळा

गोव्यातल्या डिचोलीत माझी फार्मसी आहे आणि गेली अकरा वर्षं मी स्वतःही थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइड ग्रंथीच्या हार्मोनची, गोळी घेतोय. त्याच त्या चुका रोज कानावर येतात, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

पहिली चूक रिपोर्ट उलटा वाचण्याची. टीएसएच बारा आलं की लोक म्हणतात, "थायरॉइड वाढला." वाढला नाही, मंदावलाय. टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोनच नव्हे. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पियूषिका ग्रंथीतून येतं. रक्तात थायरॉक्सिन कमी पडलं की पियूषिका टीएसएच वाढवून गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला डिवचत राहते, आणि ते पुरेसं झालं की हात आखडता घेते. म्हणून बाराचं तीन झालं की समजावं, गोळी काम करतेय. नेमक्या त्याच दिवशी "आता नॉर्मल आलं" म्हणून गोळी सोडणारे मी कितीतरी पाहिलेत. दोन-तीन महिन्यांत तेच लोक सुजलेला चेहरा आणि जड पाय घेऊन परत येतात.

दुसऱ्या चुकीवर जरा सविस्तर लिहितो, कारण ती मला अजून टोचते.

साखळीहून एक काकी माझ्याकडे गोळ्या न्यायला यायच्या. पंचवीस मायक्रोग्रॅमपासून सुरुवात झाली, मग पन्नास, पंचाहत्तर, शंभर. टीएसएच काही खाली येईना. शेवटी मी विचारलं, "काकी, गोळी कशाबरोबर घेता?"

"चहाबरोबर रे. आणि ती हाडांची कॅल्शियमची गोळीही तेव्हाच. एकदम आटोपलं की विसरायला होत नाही."

कॅल्शियम आणि लोह आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, रक्तात पोचू देत नाहीत. चहा-कॉफीही आड येते. मी त्यांना सांगितलं, थायरॉइडची गोळी पहाटे नुसत्या पाण्याबरोबर, कॅल्शियम रात्री जेवल्यावर. सल्ला बरोबर होता, पण अर्धा होता. शंभरचा डोस ठरला होता तो कॅल्शियम वाटेत अडवत असताना. अडथळा गेला आणि तो सगळा डोस अंगावर आला. गणेश चवथ झाल्यावर काकी दुकानात आल्या तेव्हा हात थरथरत होते, छातीत धडधड, झोप उडालेली. टीएसएच जवळजवळ शून्य. शिवाय ज्या हाडांसाठी त्या कॅल्शियम घेत होत्या, तीच हाडं जास्तीचं थायरॉक्सिन झिजवतं. डॉक्टरांनी डोस उतरवला, काकी सावरल्या. तेव्हापासून गोळीची वेळ बदलायला सांगितलं की मी त्याच दमात सांगतो: हे डॉक्टरांच्या कानावर घाला आणि सहा आठवड्यांनी टीएसएच करा.

माझी स्वतःची सवय अशी: पाण्याचा तांब्या उशाशी, जाग आली की गोळी, चहा-पाव तासाभराने. कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीचं औषध चार तास लांब. पहाटेची कदंबा बस पकडून पणजी गाठणाऱ्यांना हे जमत नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर तीनेक तासांनी घ्यावी. वेळ कुठलीही असो, रोज तीच हवी.

सहा आठवडेच का, असं घाईचे लोक विचारतात. दहा दिवसांत टेस्ट करून "फरक नाही" म्हणत स्वतःच दोन गोळ्या घेणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. थायरॉक्सिन रक्तातून अर्धं व्हायला सुमारे सात दिवस लागतात. नवा डोस स्थिर व्हायलाच पाच आठवडे जातात, पियूषिका त्याच्याही मागून सावकाश येते. त्याआधीचा आकडा अधल्यामधल्या अवस्थेचा असतो.

"आम्ही मासे खातो, गावठी मीठ खातो, आम्हाला आयोडीन कमी कसं पडेल?" असंही लोक विचारतात, कारण थायरॉक्सिन बनायला आयोडीन लागतं. माशांचं ठीक आहे. मिठागरातल्या मिठात मात्र वरून घातल्याशिवाय आयोडीन नगण्यच असतं. आणि आपल्याकडे दिसणारा मंद थायरॉइड बहुतेकदा हाशिमोटोचा असतो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला हा आजार आयोडीनच्या गोळ्यांनी बरा होत नाही, उलट बिघडू शकतो.

दिवस गेले म्हणून गोळी कधीही थांबवू नका. पहिले काही महिने बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर वाढतं, डोस बहुधा वाढवावा लागतो. कळल्याबरोबर डॉक्टरांकडे जा.

हीच घाई स्टेरॉइडच्या गोळ्यांत जिवावर बेतते. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी कित्येक आठवडे प्रेडनिसोलोन घेतलं, बरं वाटलं आणि एका दिवसात सोडलं. बाहेरून स्टेरॉइडचं हार्मोन मिळतंय म्हटल्यावर पियूषिका हाक मारणं थांबवते आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात. त्यांना पुन्हा कामाला लागायला वेळ हवा, तोवर रक्तदाब कोसळू शकतो. हा डोस डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पायरीपायरीनेच उतरवायचा.

थायरॉइडच्या गोळीची बाटली गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नका. उष्णता, उजेड आणि दमटपणा तिन्हींनी ही गोळी खराब होते, आणि आपला पावसाळा चार महिने असतो. मी कपाटात मूळ बाटलीतच ठेवतो, झाकण घट्ट लावून.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर टेस्टआधी किमान दोन दिवस बंद करा, काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटंच कमी दिसतं. त्या दिवशीची थायरॉइडची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या.