जनरल शर्मन पाहायला जाताना दम परतीसाठी राखा

कॅलिफोर्नियातल्या सिक्वोया राष्ट्रीय उद्यानात वोल्व्हर्टन रस्त्यालगतच्या वाहनतळापासून जनरल शर्मन या आकारमानाने जगातल्या सर्वात मोठ्या वृक्षापर्यंतची वाट जेमतेम ८०० मीटर, पक्की आणि उताराची. तिथेच माणूस फसतो. परतताना तोच उतार चढायचा असतो, तोही सुमारे २,१०० मीटर उंचीवरच्या विरळ हवेत. पाणी बरोबर ठेवा, वाटेतल्या बाकांवर टेकत सावकाश चढा.

गाडीत खाऊ तर नकोच, टूथपेस्टसुद्धा नको. वासावर आलेलं अस्वल काच फोडतं. सगळं वाहनतळावरच्या लोखंडी पेटीत ठेवून कडी नीट लावा.

आणि कुंपण कृपया ओलांडू नका. जवळपास ८४ मीटर उंच झाड, पण मुळं उथळ पसरलेली; पावलांनी माती दबली की त्यांना पाणी पोचत नाही.