येलापाला एका दिवसात जाऊन यायचं तर

येलापाला जायचं ठरवलंत की सगळ्यात आधी परतीची शेवटची बोट किती वाजता सुटते ते विचारा. जायची बोट काय, एक चुकली तर दुसरी मिळते. माझं लहानपण गुहागर तालुक्यात गेलं. दाभोळची शेवटची लाँच चुकली की पलीकडेच कुणाकडे तरी मुक्काम पडायचा, हे अंगात मुरलेलं आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या डॅलसहून आईला घेऊन निघाले तेव्हा हॉटेल, जेवण, बाकी सगळं सैल सोडलं होतं, पण बोटीचं नाही. आणि तरीही फसलोच, बोटीत नाही, भरतीत. ते पुढे येईल.

येलापा मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, हालिस्को राज्यात आहे. पुएर्तो वायार्ता हे मोठं, विमानतळाचं शहर बान्देरास नावाच्या उपसागराच्या काठावर आहे, आणि त्याच उपसागराच्या दक्षिण काठाला हे गाव. वायार्ताहून निघालेला हायवे २०० बोका दे तोमात्लान या वस्तीपर्यंत समुद्राला धरून येतो आणि तिथून डोंगरात वळतो. पुढे डोंगर सरळ पाण्यात उतरलेले. त्यामुळे बोकाच्या पलीकडच्या गावांना लोक बहुतेक समुद्रावरूनच जातात-येतात. येलापात वीज आली २००१ मध्ये. गावातल्या गल्ल्यांत मोटार शिरत नाही. खेचरं, क्वाड बाइक आणि आपले पाय.

कागदपत्रांचं एकदाच सांगते. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. आईचा व्हिजिटर व्हिसा चालला. पण एच-वन-बी या अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावाल्यांनो, पासपोर्टवरचा शिक्का संपलेला आणि हातात फक्त मंजुरीचा कागद असेल तर त्या कागदावर मेक्सिकोत शिरता येत नाही. परत येताना अमेरिका तीस दिवसांच्या आतल्या फेरीला, शिक्का संपलेला असला तरी आत घ्यायची सवलत देते, तो नियम वेगळा. दोन्हींची गल्लत करून लोक विमानतळावरून घरी आलेले मला माहीत आहेत.

आता बोट. दोन ठिकाणांहून मिळते. एक, वायार्ताच्या जुन्या भागातल्या लोस मुएर्तोस किनाऱ्याच्या धक्क्यावरून. पाऊण तास धरा, वाटेत थांबे घेतले तर जास्त. दुसरी, बोकाहून, साधारण अर्ध्या तासात. बोकाला जायला जुन्या भागातच बासिलिओ बादियो आणि कोन्स्तितुसिओन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरून बस सुटते, काचेवर ‘बोका’ लिहिलेलं असतं. कुणाला बोट लागत असेल तर बोका बरं, कारण उघड्या समुद्रातला प्रवास कमी. आम्ही जाताना धक्क्यावरून गेलो, येताना बोकाला उतरून बसने आलो. असं करायचं असेल तर तिकीट एकेरीच घ्या. परतीचं घेतलंत की ज्याचं तिकीट त्याच्याच बोटीची वाट बघत बसावं लागतं.

बोटीला तिथे पांगा म्हणतात. फायबरची लांब होडी, मागे मशीन. नवखे लोक फोटोसाठी पुढे जाऊन बसतात आणि मग प्रत्येक लाटेला नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, आपटली की कंबर धरतात. आई चढली ती सरळ मागे, मशीनच्या अलीकडच्या फळीवर जाऊन बसली. कुणी सांगावं लागलं नाही. सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मगच बॅगेत ठेवा. सकाळी समुद्र शांत असतो. दुपारी वारा उठतो, आणि येताना तुम्ही भिजणार हे धरून चाला.

डिसेंबर ते मार्चमध्ये गेलात तर या उपसागरात हंपबॅक देवमासे असतात, पिल्लं घालायला आलेले. आम्हाला फेब्रुवारीत एक दिसला. नावाड्याने मशीन मंद केलं, पाण्याचा फवारा उडाला, मग काळी पाठ वर आली आणि सावकाश खाली गेली. आईने हात जोडले. जून ते ऑक्टोबर पावसाळा, अगदी आपल्यासारखा. डोंगर तेव्हा हिरवे असतात आणि धबधबा भरलेला, पण समुद्राचा भरवसा नाही. आणखी एक: मेक्सिकोने बहुतेक भागात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणं २०२२ पासून बंद केलं आहे. उन्हाळ्यात डॅलसहून गेलात तर तिथे एक तास मागे असतं. बोट तिथल्या घड्याळावर सुटते, तुमच्या मनगटावरच्या नाही.

येलापात बोट दोन जागी लागते: पुळणीवर आणि गावाच्या धक्क्यावर. पुळणीवर उतरायचं म्हणजे लाट ओसरताच उडी मारायची, चपला हातात, पाणी गुडघ्यापर्यंत. म्हातारं माणूस बरोबर असेल तर गावाच्या धक्क्यावर उतरा. तसंही धबधबा गावाच्याच बाजूला आहे, दहा-पंधरा मिनिटांची चढण. सकाळीच उरकून घ्या. दुपारकडे मोठ्या सहलीच्या बोटी येतात आणि मग त्या डबक्याशी फोटोची रांग लागते. धबधब्याचं नाव घोड्याची शेपटी. एप्रिल-मेमध्ये गेलात तर शेपटीचे केसच दिसतील.

गाव आणि पुळण यांच्या मध्ये नदी समुद्राला मिळते. ओहोटी असेल तर मुखातून चालत जाता येतं, नाहीतर वरच्या अंगाने पुलावरून वळसा. इथे आम्ही फसलो.

त्या दिवशी संकष्टी होती. आईला भरती-ओहोटीचं कोष्टक कधी लागलं नाही. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ. आमच्याकडे शेंबडं पोरही हा हिशेब करतं. चतुर्थी, म्हणजे चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. ‘‘म्हणजे बाराच्या आधी उतरू, पाणी घोट्यापर्यंत असेल,’’ आई म्हणाली. बाराला आम्ही मुखाशी उभ्या, आणि समोर एक उंच माणूस कमरेइतक्या पाण्यातून डोक्यावर बॅग धरून येतोय. आई बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. ‘‘इथला समुद्र खुळा आहे गो,’’ म्हणाली.

समुद्र खुळा नव्हता. चंद्र डोक्यावर आल्यानंतर किती तासांनी भरती येते, हे प्रत्येक बंदराचं वेगळं असतं. पाऊणचं गणित आपल्या किनाऱ्याचं, ते तिथे लागू होत नाही. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण मात्र तिथेही असतं, फक्त कोकणाइतकं पाणी चढत-उतरत नाही. तेव्हा आदल्या रात्री मोबाइलवर पुएर्तो वायार्ताच्या भरतीच्या वेळा बघून ठेवा. आम्ही पुलावरून वळसा घातला, उन्हात. तीनला तीच नदी पोरं पळत ओलांडत होती आणि आई तिकडे बघायला तयार नव्हती.

पुळणीवर झावळ्यांनी शाकारलेली खानावळींची छपरं आहेत, त्यांना पालापा म्हणतात. काही खाल्लं-प्यायलं तर खुर्ची दिवसभर तुमची. मासे खात असाल तर निखाऱ्यावर भाजलेला मासा मागा. शाकाहारी असाल तर भाताबरोबरच्या घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते. ‘सिन मान्तेका’ म्हणजे चरबीशिवाय, एवढं पाठ करून जा. पैसे पेसोंत आणि रोख न्या, सुटे भरपूर. एटीएम मिळेल या आशेवर जाऊ नका. खांद्यावर इग्वाना नावाचा मोठा सरडा घेऊन एक जण येतो. फोटो काढलात की पैसे द्यायचे, फुकटचा अवघडलेपणा नको. डोंगरातल्या घायपातीच्या जातीपासून काढलेली राइसिया नावाची दारू मिळते, टकिलाची गावठी बहीण. २०१९ मध्ये तिला भौगोलिक नावाचं संरक्षण मिळालं. ती परतीच्या बोटीच्या आधी पिऊ नका, इतकंच.

आईच्या उपासाची मला काळजी होती, ती फुकट गेली. आपलं उपासाचं ताट म्हणजे निम्मं मेक्सिको आणि शेजारपाजार. रताळं, बटाटा, शेंगदाणा, मिरची, पपई, पेरू, साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, सगळं अमेरिका खंडातून आपल्याकडे आलेलं. वायार्तात आदल्या दिवशी राजगिऱ्याची वडी घेऊन ठेवली होती, तिला तिथे ‘आलेग्रिया’ म्हणतात, म्हणजे आनंद. आईने उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, ‘‘गूळ कमी आहे.’’ उलट्या दिशेने गेलेला माल म्हणजे नारळ. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मनिला ते आकापुल्को जहाजं चालली, त्यांतून फिलिपिन्सचे माड या किनाऱ्यावर आले आणि माडी काढणारेही. वायार्ताच्या समुद्रकाठच्या फरसबंदीवर आजही ‘तुबा’ नावाने माडाचा गोड रस विकतात, वर सफरचंदाचे तुकडे आणि शेंगदाणे घालून. आईने एक घोट घेतला. ‘‘नीरा. पण सफरचंद कशाला?’’

येलापाची खरी खूण म्हणजे पुळणीवर डोक्यावर प्लॅस्टिकचे डबे घेऊन फिरणाऱ्या बायका. डब्यात घरी भाजलेले पाय (इंग्रजीतला ‘pie’, सारण भरलेला गोड पदार्थ) असतात: नारळाचा, लिंबाचा, चॉकलेटचा, पेकानचा. लांबूनच आरोळी येते, ‘‘पाय! पाय!’’ पहिली आरोळी आली तेव्हा आईने खुर्चीखालून पाय आत ओढून घेतले. मग कळल्यावर इतकी हसली की ती बाईही हसायला लागली, कशाला ते न कळता. घासाघीस करू नका, आणि नारळाचा घ्यायचा असेल तर दुपारच्या आत घ्या, तो आधी संपतो. आईचा उपास, त्यामुळे तिचा तुकडा मी आमच्या स्टीलच्या डब्यात ठेवला.

आता शेवटची बोट. मी हॉटेलात वेळ विचारली होती आणि त्यांनी छापील कागद दिला होता. तो मागच्या हंगामाचा निघाला. बरं झालं की उतरतानाच नावाड्याला विचारलं, ‘‘आ के ओरा साले ला उल्तिमा?’’ म्हणजे शेवटची किती वाजता सुटते. त्याने सांगितलेली वेळ कागदापेक्षा एक तास अलीकडची होती. त्यालाच विचारा, आणि बोट पुळणीवर लागणार की धक्क्यावर, तेही विचारा. लाटा वाढल्या की पुळणीवर लावत नाहीत. आणि शेवटच्या बोटीवर विसंबू नका, त्याच्या आधीची धरा. आम्ही आधीचीच धरली, तरी गर्दी होती. भिजलोही.

संकष्टीवाल्यांसाठी: कालनिर्णयातला चंद्रोदय तिथे चालत नाही, त्या गावचा बघा. शिवाय किनारा पश्चिमेकडे तोंड करून आणि पूर्वेला डोंगर, गुहागरसारखंच, त्यामुळे चंद्र दिलेल्या वेळेनंतर बराच उशिरा दिसतो. आम्ही हॉटेलच्या गच्चीत साडेनऊच्या पुढेपर्यंत उभ्या होतो. दिसल्यावर मी डबा पुढे केला. आई म्हणाली, ‘‘यात अंडं असेल का गो?’’ मी विचारलं नव्हतं. तिने नैवेद्याला साखर ठेवली, रताळं खाल्लं आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

सकाळी मी उठले तेव्हा डबा धुऊन बेसिनशेजारी पालथा घातलेला होता.