ब्रिटनमधला लिंगओळखीचा वाद अभ्यासगटात कसा घ्यावा

बारा-पंधरा जण आणि दोन तास पुरतात. वक्ता नसला तरी चालेल, फळा मात्र हवाच. ही चर्चा फसते ती बहुतेक वेळा मतभेदांमुळे नाही, तर मराठीतल्या एका शब्दामुळे. 'लिंग' म्हणताना कुणाच्या मनात शरीर असतं, कुणाच्या मनात ओळख, तर कुणाच्या मनात बाईने कसं वागावं याचे समाजाचे दंडक. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि पाऊण तास भांडणात जातो.

म्हणून पहिली पंधरा मिनिटं शब्दांना द्या. फळ्यावर तीन रकाने पाडा: जैविक लिंग (शरीर), लिंगभाव (समाजाचे दंडक), लिंगओळख (स्वतःची ओळख). खाली एकच वाक्य लिहा: 'महिला वॉर्डात प्रवेश लिंगानुसार.' आता 'लिंग' पुसून तिथे आळीपाळीने तिन्ही शब्द घाला. पहिल्याने ट्रान्स स्त्री (जन्मतः पुरुष म्हणून नोंद झालेली, स्वतःला स्त्री मानणारी) बाहेर राहते, तिसऱ्याने आत येते. दुसऱ्याने वाक्यच अडखळतं, कारण लिंगभाव हा समाजाचा व्यवहार आहे, वॉर्डाच्या दारात तपासता येईल अशी गोष्ट नव्हे. हे एकदा डोळ्यांसमोर झालं की पुढे 'कोणतं लिंग?' हे गटच विचारू लागतो.

वाचायचं साहित्य चार दिवस आधी पाठवा. 'फॉर विमेन स्कॉटलंड' या स्त्री-संघटनेच्या खटल्याचा 88 पानी निकाल कुणी वाचून येत नाही. न्यायालयानेच दिलेला गोषवारा पाठवा. वाद सुरू झाला तो सार्वजनिक मंडळांवर स्त्रियांचं प्रमाण वाढवण्यासाठी केलेल्या स्कॉटलंडच्या 2018च्या कायद्यावरून. 16 एप्रिल 2025 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पाच न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला: समानता कायदा, 2010 मधली 'स्त्री' म्हणजे जैविक स्त्री, 2004च्या कायद्याखालचं, स्त्री म्हणून कायदेशीर मान्यता देणारं लिंगओळखीचं प्रमाणपत्र हातात असलं तरी.

इथे दोन चुका हमखास होतात. 'ट्रान्स लोकांचं सगळं संरक्षण गेलं' ही पहिली. 'लिंगबदल' हे त्याच कायद्यातलं वेगळं संरक्षित वैशिष्ट्य (ज्यावरून भेदभाव करायला मनाई आहे असं) आहे, ते कायम आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट नाही. 'स्त्री कोण, हे न्यायालयाने कायमचं ठरवलं' ही दुसरी. न्यायालयाने अर्थ लावला तो त्या कायद्यापुरता, आणि तसं बजावलंही. ट्रान्सजेंडर व्यक्तींना मान्यता देणाऱ्या, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नालसा निकालाची (15 एप्रिल 2014) तुलना कुणीतरी काढेलच. तिथे प्रश्न घटनेतल्या हक्कांचा होता, इथे एका कायद्यातल्या शब्दाचा. ती तुलना शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवा.

आरोग्याच्या भागाला अर्धा तास द्या, जास्त नको. ब्रिटनमधल्या बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांचा एप्रिल 2024चा अहवाल मुलं आणि तरुणांच्या लिंगओळखविषयक सेवांबद्दल आहे. वयात येणं थांबवणाऱ्या औषधांबद्दलचा पुरावा कमकुवत आहे, असं तो म्हणतो. 'कमकुवत पुरावा' म्हणजे 'घातक असल्याचं सिद्ध' नव्हे, आणि 'उपयोगी असल्याचं सिद्ध' तर नव्हेच. हे फळ्यावर लिहूनच ठेवा. हीच औषधं फार लवकर वयात येणाऱ्या लहान मुलांनाही दिली जातात; लिंगओळखीच्या कारणासाठी मुलांना ती देण्यावर ब्रिटनमध्ये असलेली बंदी त्या वापराला लागू नाही.

शिक्षणासाठी एकच धागा पुरे: मतस्वातंत्र्य. माया फोर्स्टेटर यांच्या नोकरीवरून झालेल्या खटल्यात 2021 मध्ये 'जैविक लिंग बदलता येत नाही' या मताला कायद्याचं संरक्षण मिळालं. पण त्याने सहकाऱ्याला छळण्याची मुभा मिळत नाही, हेही त्याच निकालात आहे. लोक आपल्या सोयीचं अर्धंच उद्धृत करतात.

उरलेल्या वेळात बाजू बदला. स्त्रीवादाच्या दोन्ही धारांची मांडणी गटाने करायची, पण प्रत्येकाने स्वतःला न पटणारी. एक धार म्हणते: गर्भपात, बाळंतपण, मारहाण हे सगळं स्त्रीच्या शरीराशी जोडलेलं आहे, तर शरीराचं नाव घेतल्याशिवाय अन्याय मोजायचा कसा? दुसरी म्हणते: बाईपणाचा पहारा सुरू झाला की केस कापलेल्या, उंच, खर्जातल्या आवाजाच्या बायकांचीही दारात झडती होते, शरीरावर हक्क ज्याचा त्याचा, हे तर आपणच शिकवलं. प्रत्येकी पाच मिनिटं. मग विरुद्ध बाजूच्या माणसाला एकच प्रश्न विचारा: 'तुमचं म्हणणं नीट मांडलं गेलं का?' उत्तर 'नाही' आलं तर पुन्हा दोन मिनिटं द्या.

गटात कुणी ट्रान्स असेल तर त्यांना उदाहरण म्हणून उभं करू नका आणि शरीराबद्दल कुणालाच काही विचारू नका. हा नियम सुरुवातीलाच सांगा. प्रश्न विचारला गेल्यावर सांगितलेला नियम त्या एकाच माणसाभोवती फिरतो.