इलेक्ट्रॉनचं वस्तुमान कधी सोडायचं, कधी धरायचं

बारावीपासून इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाला ‘नगण्य’ हा शब्द चिकटतो आणि बीएस्सीच्या पहिल्या वर्षातले निम्मे गोंधळ त्यातूनच होतात. नगण्य म्हणजे कशापुढे नगण्य, हे विचारायचं राहून जातं.

इलेक्ट्रॉन ९.१०९ × १०⁻³¹ किलो, प्रोटॉन १.६७३ × १०⁻²⁷ किलो, न्यूट्रॉन १.६७५ × १०⁻²⁷ किलो. घात विसरले तरी चालतील, पण १८३६ हा आकडा पाठ हवा: प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या इतके पट जड. सोनाराच्या जुन्या मापात ९६ गुंजांचा एक तोळा. इलेक्ट्रॉन एक गुंज धरला, तर प्रोटॉन एकोणीस तोळ्यांच्या थोडा वर जातो. न्यूट्रॉन त्याहून जेमतेम अडीच गुंजा जास्त. सुटा न्यूट्रॉन फुटून प्रोटॉन होतो, तेव्हा त्या अडीचातली एक गुंज नवा इलेक्ट्रॉन घडवण्यात जाते आणि उरलेली दीड ०.७८२ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा म्हणून बाहेर पडते.

आता प्रॅक्टिकल. ‘ई बाय एम’च्या (इलेक्ट्रॉनचा प्रभार भागिले वस्तुमान) प्रयोगात जर्नलमध्ये ‘इलेक्ट्रॉनचं वस्तुमान काढणे’ असा उद्देश लिहू नका. व्हायवात तिथेच पकडतात. प्रयोगातून मिळतं ते प्रभार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर. थॉमसनलाही १८९७ मध्ये तेवढंच मिळालं होतं. प्रभार वेगळा मोजावा लागतो, तो मिलिकनने नंतर तेलाच्या थेंबांवर मोजला. प्रभार १.६०२ × १०⁻¹⁹ कूलोम, त्याला गुणोत्तराने, म्हणजे १.७५९ × १०¹¹ ने भागलं की वस्तुमान हाती येतं.

हेल्महोल्ट्झ कॉईलचा, म्हणजे समोरासमोरच्या दोन सारख्या कॉईलच्या क्षेत्रात इलेक्ट्रॉनचा झोत वर्तुळात वळवणारा, सेट असेल तर उत्तराचा अंदाज आधीच बांधून ठेवा. प्रत्येकी १३० वेढे, १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या कॉईल, १.५ अँपिअर प्रवाह आणि झोताला वेग देणारे २०० व्होल्ट असतील, तर चुंबकीय क्षेत्र सुमारे १.१७ मिलिटेस्ला आणि झोताच्या वर्तुळाची त्रिज्या ४.१ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी. वर्तुळ जुळत नसेल आणि झोत स्प्रिंगसारखा पुढे सरकत असेल, तर नळी थोडी फिरवून तो बंद करा. उत्तर ४.४ × १०¹⁰ आलं, तर नवीन काही शोधू नका, त्रिज्येच्या जागी व्यास घातलाय. त्रिज्येचा वर्ग होतो, त्यामुळे तिच्यातली ५ टक्के चूक उत्तरात १० टक्के होते. म्हणून मागे आरशाची पट्टी असेल तर झोत आणि त्याचं प्रतिबिंब एका रेषेत आणूनच वाचन घ्या. कॉईल तापली की रोध वाढून प्रवाह उतरतो, तेव्हा अँमीटर प्रत्येक वाचनाला बघायचा. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ०.०४ मिलिटेस्ला, ते कॉईलच्या क्षेत्राच्या दिशेत आलं, तर उत्तर ६-७ टक्क्यांनी हलतं.

रसायनशास्त्रात ‘नगण्य’ खुशाल चालवा. कार्बनच्या अणूत सहाही इलेक्ट्रॉन मिळून ०.०२७ टक्के भरतात. ६० किलोच्या माणसातले सगळे इलेक्ट्रॉन गोळा केले तरी वीस ग्रॅम होत नाहीत. सोडियम आणि सोडियम आयन यांचं मोलवस्तुमान वेगळं लिहायला कुणी सांगत नाही.

केंद्रकीय गणितात मात्र तोच इलेक्ट्रॉन अंगाशी येतो, कारण तिथे जड आकड्यांची वजाबाकी होऊन हाती फार थोडं उरतं. सोडियम-२२ पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनइतक्याच वस्तुमानाचा, पण धन प्रभाराचा कण) सोडून निऑन-२२ होतो. तक्त्यातली वस्तुमानं अणुवस्तुमान एककात (u) २१.९९४४३७ आणि २१.९९१३८५, फरक ०.००३०५२, म्हणजे २.८४ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. बहुतेक जण इथेच उत्तराखाली रेघ मारतात. पण तक्त्यात अणूचं वस्तुमान असतं, केंद्रकाचं नाही. सोडियमचे इलेक्ट्रॉन ११, निऑनचे १०. एक जादाचा आणि एक बाहेर पडलेला पॉझिट्रॉन, असे दोन वजा करायचे. दोघांचे १.०२ गेले की उरतात १.८२. नगण्य म्हणून सोडलेल्या दोन कणांनी उत्तर दीडपटीहून जास्त फुगवलं होतं.

बीटा-ऋण क्षयात, म्हणजे केंद्रक इलेक्ट्रॉन बाहेर टाकतं तेव्हा, हा हिशेब आपोआप फिटतो, तिथे वेगळं काही वजा करू नका. अल्फा क्षयातही फिटतो, पण हेलियमच्या अणूचं वस्तुमान, म्हणजे ४.००२६०३, घेतलं तरच. अल्फा कणाचं, म्हणजे नुसत्या हेलियम केंद्रकाचं, ४.००१५०६ घेऊन बाकीची अणूंची घेतलीत, तर पुन्हा तेच १.०२ चुकेल.