मागे येता येईल का? स्टोरेज ॲडमिनच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

स्टोरेजचं काम हाती घेणाऱ्या नव्या माणसाला मी कमांडची यादी देत नाही. आधी एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्यायला सांगतो: एंटर दाबल्यावर मागे येता येईल का? सर्व्हरवरची बाकीची बरीच कामं निस्तरता येतात. सर्व्हिस पडली तर पुन्हा उठवता येते, कॉन्फिगरेशन बिघडलं तर जुनी फाइल परत टाकता येते. स्टोरेजमध्ये मात्र पूल, म्हणजे डिस्क एकत्र करून केलेला जागेचा साठा, बनवतानाच्या काही मिनिटांत घेतलेले निर्णय त्या पूलच्या शेवटपर्यंत गळ्यात राहतात. ते कोणते, हे ओळखता आलं की निम्मं काम शिकून झालं असं मी धरतो.

माझं बरंचसं काम झेडएफएसवर, म्हणजे फाइल सिस्टीम आणि डिस्कची जुळणी दोन्ही सांभाळणाऱ्या प्रणालीवर, झालंय, म्हणून उदाहरणं तिथली देतो. पण प्रश्न सगळीकडे लागू आहे. एलव्हीएमवर, म्हणजे लिनक्समध्ये डिस्कची जागा वाटणाऱ्या थरावर, एक्सएफएस ही फाइल सिस्टीम टाकली तर ती चालू असताना वाढवता येते, लहान मात्र करता येत नाही. ईएक्सटी-फोर लहान करता येते, पण आधी अनमाउंट करावी लागते. हे ठाऊक असलेला माणूस व्हॉल्यूम ग्रुपमधली (एकत्र केलेल्या डिस्कमधली) सगळी जागा पहिल्याच दिवशी एका लॉजिकल व्हॉल्यूमला (त्यातून कापलेल्या भागाला) देऊन टाकत नाही. थोडी राखून ठेवतो, लागेल तशी देतो.

झेडएफएसबद्दल काही वाचाल तेव्हा तो मजकूर कोणत्या सालचा आहे ते आधी बघा. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू एरन्स यांनी २००१ मध्ये हे काम सुरू केलं आणि २००५ मध्ये ते ओपनसोलारिसमधून लोकांसमोर आलं. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली, २०१३ मध्ये ओपनझेडएफएस हा स्वतंत्र प्रकल्प उभा राहिला आणि २०२० च्या २.० आवृत्तीपासून लिनक्स आणि फ्रीबीएसडी एकाच कोडवर आले. या प्रवासात 'मागे येता येत नाही' ही यादी बदलत गेली. पूलमधून व्हीडेव्ह (डिस्कचा गट) काढून घेणं लिनक्सवर २०१९ च्या ०.८ पर्यंत शक्यच नव्हतं. रेडझेडमध्ये, म्हणजे एखादी डिस्क गेली तरी डेटा परत उभा करता येणाऱ्या व्हीडेव्हमध्ये, एकेक डिस्क वाढवण्याची सोय तर २०२५ च्या २.३ मध्ये आली. त्यामुळे जुना सल्ला तेव्हा बरोबर असूनही तुमच्या सर्व्हरला लागू नसेल, आणि नवा सल्ला तुमच्या जुन्या आवृत्तीवर चालणार नाही. कामाला लागण्याआधी झेडएफएसची आवृत्ती तपासा.

आता रचना. डिस्क मिळून व्हीडेव्ह बनतो, व्हीडेव्ह मिळून पूल बनतो, आणि पूलमधल्या जागेवर हव्या तितक्या फाइल सिस्टीम उभ्या राहतात. सुरक्षितता व्हीडेव्हच्या पातळीवर असते, पूलच्या नाही. पूल फक्त डेटा सगळ्या व्हीडेव्हवर वाटून टाकतो, त्यामुळे एक व्हीडेव्ह पूर्ण गेला की पूल गेला. नवी मंडळी नेमकी इथे अडखळतात. बारा डिस्कचा पूल आहे, रेडझेड-टू आहे, मग कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी चालेल, असं उत्तर मला मुलाखतींत बऱ्याचदा मिळतं. ते चूक नाही, अपुरं आहे: रेडझेड-टू प्रत्येक व्हीडेव्हमागे दोन डिस्कचं नुकसान सोसतो. सहा-सहाचे दोन व्हीडेव्ह असतील तर दोन्हीकडच्या दोन-दोन, म्हणजे चार डिस्क गेल्या तरी पूल उभा राहील. पण तीन गेल्या आणि तिन्ही एकाच व्हीडेव्हमधल्या निघाल्या तर सगळं संपलं. रचना डोक्यात पक्की असेल तर उमेदवार आधी विचारतो, व्हीडेव्ह किती आहेत?

हे सगळं शिकायला वेगळं हार्डवेअर लागत नाही. झेडएफएस साध्या फाइललाही डिस्क म्हणून स्वीकारतो. ट्रंकेट कमांडने एक-एक गिगाबाइटच्या चार फाइल बनवा, त्यांतल्या दोन घेऊन मिरर पूल (दोन्हीकडे तीच प्रत) बनवा, तो निम्म्याहून जास्त भरा आणि पूल सिंक करा. मग डीडी ही कॉपी करणारी कमांड वापरून एका फाइलच्या मधल्या भागात रँडम डेटा ओता. दोन गोष्टी सांभाळा: सुरुवातीचे आणि शेवटचे काही मेगाबाइट सोडा, कारण पूलची लेबलं दोन्ही टोकांना असतात, आणि नोट्रंक हा पर्याय द्या, नाहीतर डीडी ती फाइलच कापून टाकेल. आता स्क्रब (सगळा डेटा वाचून पडताळणं) चालवा आणि झेडपूल स्टेटस बघा. रीड आणि राइटच्या रकान्यांत शून्य असेल, चेकसमच्या (डेटा बदललाय का ते ओळखायची खूण) रकान्यात मोठा आकडा दिसेल, आणि वरच्या ओळीत किती डेटा दुरुस्त केला ते लिहिलेलं असेल. तुम्ही साठवलेल्या फाइल तपासा, एकही बिघडलेली नसेल. डिस्कने कसलीही तक्रार न करता चुकीचा डेटा दिला, झेडएफएसने तो चेकसमवरून ओळखला आणि दुसऱ्या प्रतीवरून नीट केला.

मग हाच प्रयोग मिरर नसलेल्या, एकाच फाइलच्या पूलवर करा. या वेळी स्टेटसला व्ही हा पर्याय दिलात तर खराब झालेल्या फाइलची नावं एकेक करून दिसतील. चूक कळली, दुरुस्ती झाली नाही. पूल मात्र बहुधा उभा असेल, कारण मेटाडेटाच्या (कोणती फाइल कुठे आहे वगैरे नोंदींच्या) जादा प्रती झेडएफएस एका डिस्कवरही ठेवतो. हा तासाभराचा सराव कितीतरी पानं वाचण्यापेक्षा जास्त शिकवतो, आणि स्टेटसचा रकाना वाचायची भीती कायमची जाते.

याच सरावाच्या पूलवर ॲड आणि अटॅच यांतला फरक हाताखालून घाला. समजा एका डिस्कचा पूल आहे आणि दुसरी डिस्क लावून मिरर करायचाय. त्यासाठी झेडपूल अटॅच लागतं. झेडपूल ॲड दिलंत तर दुसरी डिस्क वेगळा व्हीडेव्ह म्हणून जोडली जाते, डेटा दोन्हीकडे वाटला जाऊ लागतो आणि आता दोनपैकी कुठलीही डिस्क गेली तरी पूल जातो. जी गोष्ट सुरक्षिततेसाठी केली तिने धोका दुप्पट केला. मिरर किंवा रेडझेड पूलमध्ये सुटी डिस्क ॲड करायला गेलात तर झेडएफएस अडवतो, सुरक्षिततेची पातळी जुळत नाही असं सांगतो. एका डिस्कच्या पूलमध्ये मात्र पातळी जुळतेच, म्हणून तो काहीही न बोलता जोडून टाकतो. आणि जिथे तो अडवतो तिथे कुणीतरी जबरदस्तीचा एफ लावतो. एका ठिकाणी मी रेडझेड-टूच्या पूलला लटकलेली अशी एक सुटी डिस्क पाहिली आहे. ज्या पूलमध्ये रेडझेड आहे तिथून व्हीडेव्ह काढता येत नाही. तिथे एकच चांगला उपाय होता, त्या डिस्कला आणखी दोन डिस्क अटॅच करून तिचा तिहेरी मिरर करणं. पूल वाचला, पण त्याची ती वेडीवाकडी रचना शेवटपर्यंत तशीच राहिली.

म्हणून क्रिएट आणि ॲड या दोन्ही कमांड आधी एन पर्याय लावून चालवा. काहीही न करता रचना कशी दिसेल ते छापून येतं. ते शांतपणे वाचा, शक्य असेल तर सहकाऱ्यालाही दाखवा. मोठ्या बदलाआधी झेडपूल चेकपॉइंट (पूर्ण पूलची त्या क्षणाची नोंद) घेता येतो, ॲडसारखी चूक त्यातून परत फिरवता येते. मात्र परत गेलात की चेकपॉइंटनंतर लिहिलेला सगळा डेटाही जातो, आणि चेकपॉइंट असेपर्यंत अटॅच, डिटॅच, रिमूव्ह बंद राहतात. बदल नीट झाला की तो लगेच टाकून द्या.

पूल बनवताना आणखी काही गोष्टी कायमच्या ठरतात. ॲशिफ्ट ही त्यातली पहिली: झेडएफएस डिस्कचा सेक्टर केवढा धरतो ते दोनच्या घातात, ९ म्हणजे ५१२ आणि १२ म्हणजे ४०९६ बाइट. बऱ्याच डिस्क आत ४०९६ बाइटचा सेक्टर वापरतात पण बाहेर ५१२ सांगतात. त्यावर विश्वास ठेवून ॲशिफ्ट ९ झाला तर लिहिण्याचा वेग कायमचा मार खातो, कारण त्या व्हीडेव्हसाठी तो नंतर बदलत नाही. मी स्वतः १२ लिहून देतो. डिस्कची नावं लिनक्सवर बाय-आयडीच्या फोल्डरमधली द्या, एसडीए-एसडीबी नको, ती रीबूटनंतर अदलाबदल होऊ शकतात. डेटासेटमध्ये, म्हणजे पूलवरच्या प्रत्येक फाइल सिस्टीममध्ये, एन्क्रिप्शन आणि अक्षरांची केस-सेन्सिटिव्हिटी बनवतानाच ठरते. विंडोजवाल्यांना शेअर द्यायचा असेल तर हा दुसरा मुद्दा आधीच विचारून घ्या. कॉम्प्रेशन, रेकॉर्डसाइज, एटाइम, कोटा यांची मात्र काळजी नको, ती कधीही बदलता येतात. कॉम्प्रेशन आणि रेकॉर्डसाइजचा बदल फक्त नव्याने लिहिलेल्या डेटाला लागतो एवढंच. डीडुप्लिकेशन (सारखे ब्लॉक एकदाच साठवणं) या दोन्हींच्या मधे बसतं. बंद करता येतं, पण आधी लिहिलेल्या ब्लॉकचं टेबल तसंच राहतं आणि रॅम खात राहतं. नव्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रोजच्या कामात सगळ्यात जास्त वेळा येणारी हाक म्हणजे, जागा संपली, फाइल डिलीट केल्या तरी जागा मोकळी होत नाही. कारण जवळजवळ नेहमी स्नॅपशॉट (डेटासेटची त्या क्षणाची गोठवलेली प्रत) असतं. फाइल गेली तरी तिचे ब्लॉक जुन्या स्नॅपशॉटने धरून ठेवलेले असतात. झेडएफएस लिस्टला ओ स्पेस दिलंत की वापरलेल्या जागेची फोड मिळते: स्नॅपशॉटकडे किती, चालू डेटाकडे किती, राखीव किती, खालच्या डेटासेटकडे किती. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. प्रत्येक स्नॅपशॉटसमोरचा आकडा म्हणजे फक्त त्याच्याच एकट्याकडे असलेले ब्लॉक. जो ब्लॉक दोन स्नॅपशॉटनी धरलाय तो दोघांपैकी कुणाच्याच नावावर दिसत नाही. म्हणून सगळे स्नॅपशॉट काही मेगाबाइटचे दिसतात आणि एकूण मात्र शेकडो गिगाबाइट निघतात. कुठून कुठपर्यंत काढले तर किती सुटेल हे विचारायला झेडएफएस डिस्ट्रॉयला एन आणि व्ही लावा आणि दोन स्नॅपशॉटच्या नावांमध्ये टक्क्याचं चिन्ह द्या. आकडा मिळतो, काहीही पुसलं जात नाही. खरं डिस्ट्रॉय मात्र 'नक्की का' असं विचारत नाही. जे स्नॅपशॉट कुठल्याही परिस्थितीत जाऊ नयेत त्यांना होल्ड (पुसण्यावर बंदी) लावून ठेवा.

रोलबॅकचंही, म्हणजे डेटासेट जुन्या स्नॅपशॉटवर परत नेण्याचंही, असंच. सगळ्यात ताज्या स्नॅपशॉटवर जाताना त्यानंतरचं लिखाण जातं. त्याहून जुन्यावर जायला आर लावलात तर मधले स्नॅपशॉटही जातात. एक-दोन फाइल हव्या असतील तर रोलबॅक करूच नका. डेटासेटच्या मुळाशी असलेल्या डॉट-झेडएफएस फोल्डरमधल्या स्नॅपशॉटमधून त्या फाइल कॉपी करून घ्या.

पूल काठोकाठ भरू देऊ नका. झेडएफएस जुन्या ब्लॉकवर लिहीत नाही, प्रत्येक बदल नव्या जागी लिहितो, त्यामुळे डिलीट करायलाही थोडी जागा लागते. त्यासाठी तो स्वतः थोडी राखतो, पण तिथवर पोहोचेपर्यंत वेग केव्हाच पडलेला असतो. मी ८० टक्क्यांवर इशारा लावतो आणि एका रिकाम्या डेटासेटला काही गिगाबाइटचं रिझर्व्हेशन देऊन ठेवतो. अडचणीच्या वेळी ते काढलं की हातपाय हलवायला जागा मिळते.

डिस्क बदलायची वेळ आली की घाई करू नका. एकाच वेळी चार-पाच डिस्कवर चेकसमच्या चुका दिसल्या तर डिस्कवर संशय घेण्याआधी केबल, कंट्रोलर आणि पॉवर बघा. एकटी डिस्क खराब असेल आणि ती अजून थोडीफार वाचता येत असेल, तर मोकळा बे असल्यास नवी डिस्क तिथे लावून रिप्लेस चालवा आणि जुनी तशीच राहू द्या. रीसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटा भरणं) चालू असताना जुनीचाही उपयोग होतो. डिस्क काढताना सीरियल नंबर जुळवा. प्रत्येक ट्रेवर तो चिकटवलेला असला पाहिजे, आणि नसेल तर नव्या नोकरीत तुमच्या हातून होण्यासारखं हे पहिलं उपयोगी काम आहे. रेडझेड-वनमध्ये एक डिस्क गेलेली असताना शेजारची चांगली ओढली तर पूल तिथल्या तिथे थांबतो. तसं झालं तर रीबूटची घाई नको. ती डिस्क परत बसवा आणि झेडपूल क्लिअर द्या, बहुतेक वेळा पूल पुन्हा चालू होतो.

दुसऱ्या कुणी उभारलेला सर्व्हर ताब्यात आला तर झेडपूल हिस्टरी वाचा. पूल बनल्यापासून त्याच्यावर काय काय केलं गेलं ते तारीख-वेळेसह पूलमध्येच नोंदलेलं असतं. मग स्क्रब शेवटचा कधी झाला ते बघा. डेबियन आणि उबंटूच्या पॅकेजमध्ये महिन्याच्या दुसऱ्या रविवारी स्क्रबची नोंद तयार मिळते, बाकी ठिकाणी आपण लावावी लागते. पूलमधल्या बिघाडाचा इशारा कुणाच्या मेलवर जातो तेही तपासा, बऱ्याचदा तो पत्ता नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा असतो.

शेवटचं बॅकअपबद्दल. स्नॅपशॉट त्याच पूलमध्ये असतात, पूल गेला की तेही जातात. बॅकअप म्हणजे झेडएफएस सेंडने दुसऱ्या सर्व्हरवर पाठवलेली प्रत. तिकडे घेताना यू पर्याय लावा म्हणजे ती आपोआप माउंट होणार नाही, आणि डेटासेट रीडओन्ली ठेवा. तसं न केल्यास तिकडच्या डेटासेटमध्ये बारीकसा बदल होतो आणि पुढचं इन्क्रिमेंटल (फक्त मधले बदल पाठवणं) अडकतं. मग लोक रिसीव्हला एफ लावतात, आणि तो एफ दोन्हीकडे जुळणाऱ्या शेवटच्या स्नॅपशॉटनंतरचं तिथलं सगळं पुसतो. दोन्ही सर्व्हरवर समान असलेला निदान एक स्नॅपशॉट होल्ड लावून जपा, तो गेला की पूर्ण डेटा पहिल्यापासून पाठवावा लागतो. आणि दर काही आठवड्यांनी त्या प्रतीचा क्लोन (स्नॅपशॉटवरून काढलेली, लिहिता येणारी प्रत) काढून तो माउंट करा, दोन-चार फाइल उघडा, डेटाबेस असेल तर तो सुरू करून बघा.