गोडोमध्ये पीसीके एन्क्रिप्ट करताना मी कुठे अडकले

गोडो हे गेम बनवायचं इंजिन, आणि पीसीके म्हणजे गेमचा डेटा (कोड, आर्ट वगैरे) असलेली फाइल. गेम एक्सपोर्ट करता येतो असं धरून चालते. एन्क्रिप्शनच्या टॅबमध्ये ६४ हेक्स अक्षरांची की (कुलपाची किल्ली) टाकणं, कुठल्या फाइल एन्क्रिप्ट करायच्या त्याचे फिल्टर लिहिणं, हे कुणालाही जमतं. घोळ होतो तो टेम्प्लेटमध्ये, म्हणजे एक्सपोर्ट केलेला गेम चालवणाऱ्या इंजिनच्या तयार प्रतीत.

अधिकृत एक्सपोर्ट टेम्प्लेटमध्ये तुमची की नसते. त्यामुळे सोर्सवरून स्वतःचं टेम्प्लेट कंपाइल करावं लागतं आणि त्याआधी ती की एनव्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये (टर्मिनल लक्षात ठेवतं अशा नावाच्या किमतीत) ठेवावी लागते. मी ठेवली, डीबग (चुका शोधण्यासाठीचं) टेम्प्लेट बनवलं, गेम झकास चालला. दुसऱ्या दिवशी नवीन टर्मिनल उघडून रिलीज (लोकांना द्यायच्या गेमचं) टेम्प्लेट बनवलं. त्या टर्मिनलमध्ये व्हेरिएबल नव्हतंच! टेम्प्लेट कंपाइल करणाऱ्या स्कॉन्सने चकार शब्द काढला नाही, कारण व्हेरिएबलमध्ये की मिळाली नाही तर तिथे सगळी शून्यं भरली जातात. मग टेम्प्लेटची की पीसीकेच्या कीशी जुळत नाही. रिलीज बिल्ड टेस्टरकडे गेला आणि उघडेचना. एरर काय, तर प्रोजेक्टचा डेटा लोड होत नाही, पीसीके फाइल गहाळ आहे का? फाइल एक्झीच्या (गेम सुरू करणाऱ्या फाइलच्या) शेजारीच होती. दोन दिवस मी फाइलचं नाव, फोल्डर, पाथ हेच तपासत बसले. रडकुंडीला आले होते.

म्हणून सांगते. कंपाइल करण्याआधी त्याच टर्मिनलमध्ये व्हेरिएबल एको करून (स्क्रीनवर छापून) डोळ्यांनी बघा. विंडोज, लिनक्स, डीबग, रिलीज, प्रत्येक टेम्प्लेटच्या वेळी बघा. एक्सपोर्ट प्रीसेटमध्ये (एक्सपोर्टच्या सेटिंगमध्ये) कस्टम टेम्प्लेटचा पाथ भरलाय ना? की बदलली तर सगळी टेम्प्लेट नव्याने. आणि चाचणी रिलीज बिल्डचीच करा. मी डीबगवर विसंबले, तिथेच फसले.

दुसऱ्याने दिलेलं तयार टेम्प्लेट वापरू नका, त्यात तुमची की कुठून येणार? एक्झीला पॅकर (फाइल दाबून आतलं लपवणारं टूल) लावायचा सल्लाही मिळेल. नकोच, अँटिव्हायरस तुमच्या गेमलाच व्हायरस ठरवू शकतो.

की शेवटी एक्झीमध्येच असते, चिकाटीचा माणूस ती काढतोच. त्यामुळे सर्व्हरचे पासवर्ड गेममध्ये अजिबात ठेवू नका. पण एवढ्यावरून ‘एन्क्रिप्शन व्यर्थ आहे’ म्हणणारे सीनिअर मला पटत नाहीत. सहज पीसीके उघडून आर्ट उचलणारे बरेच जण यानेच थांबतात.

ही की गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या टूलमध्ये) टाकू नका, पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. हरवलीच तर घाबरू नका: नवी की बनवा, टेम्प्लेट पुन्हा कंपाइल करा. आधी दिलेले बिल्ड आपापल्या कीवर चालत राहतात.