सक्युलंटचे नेमके नाव कसे शोधावे

नावाची चिठ्ठी तूर्त बाजूला ठेवून आधी सक्युलंटचे, म्हणजे पानांत किंवा खोडात पाणी साठवणाऱ्या मांसल वनस्पतीचे, रोप नीट न्याहाळावे. आपल्याकडील रोपवाटिकांत ‘जेड’ म्हणून मिळणारे रोप बहुतेक वेळा पोर्च्युलॅकॅरिया आफ्रा असते. परदेशी पुस्तकांत मात्र जेड म्हणजे क्रॅसुला ओव्हाटा. दोन्ही मूळची आफ्रिकेच्या दक्षिण भागातील, दोन्हींची पाने जाड आणि समोरासमोर, त्यामुळे पानांच्या मांडणीवरून निर्णय होत नाही. पान नखाएवढे गोलसर आणि कोवळी फांदी तांबूस, सडपातळ असेल, तर ते पोर्च्युलॅकॅरिया समजावे; पान तीन ते सात सेंटीमीटर लांब, उन्हात कडेने लालसर होणारे आणि खोड मांसल असेल, तर क्रॅसुला. हा भेद केवळ हौसेचा नाही, कारण पोर्च्युलॅकॅरिया हे हत्तींचे खाद्य आहे, तर क्रॅसुला ओव्हाटा कुत्र्यामांजरांना विषारी ठरते.

‘निवडुंग’ या नावाखाली तर दोन निरनिराळी कुळे नांदतात. फड्या निवडुंग हा अमेरिकेतून आलेला खरा कॅक्टस, म्हणजे ओपुन्शिया. त्रिधारी निवडुंग हा युफोर्बिया, एरंडाच्या कुळातला. भिंगातून काट्याचे बूड पाहावे: कॅक्टसचे काटे लवदार, लोकरीसारख्या छोट्या गादीतून निघतात, तर त्रिधारीच्या धारेवर काट्यांच्या जोड्या असतात आणि तशी गादी नसते. पांढरा चीक ही युफोर्बियाची खूण असली, तरी मॅमिलॅरियासारख्या काही कॅक्टसमध्येही तो आढळत असल्याने केवळ चिकावर विसंबू नये. युफोर्बियाचा चीक डोळ्यांना गंभीर इजा करतो. छाटणी करताना हातमोजे आणि चष्मा वापरावा.

शास्त्रीय नावात प्रथम प्रजाती (जीनस), मग जाती (स्पीशीज) येते. त्यापुढे एकेरी अवतरणचिन्हांत काही असल्यास ते लागवडीतील वाणाचे नाव होय. ही नावेही संशोधनानुसार बदलतात. स्नेक प्लांट पूर्वी सॅन्सेव्हिएरिया ट्रायफॅसिएटा होते, 2017 मध्ये ते ड्रॅसिना ट्रायफॅसिएटा झाले. जातीवाचक शब्द टिकला, म्हणून जुने नाव लगेच ओळखता येते. महाराष्ट्राच्या कड्याकपारींतील शिवसुमनाचे तसे नाही. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेर यांच्यावरून ठेवलेले फ्रेरिया इंडिका हे त्याचे मूळ नाव पुढे कॅरालुमा फ्रेरी आणि नंतर बौसेरोसिया फ्रेरी झाले, त्यामुळे या दुर्मीळ वनस्पतीची माहिती हवी असेल, तर तिन्ही नावांनी शोध घ्यावा लागतो. सध्या मान्य असलेले नाव लंडनमधील क्यू या वनस्पती उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर पडताळावे. तेथे समानार्थी नावेही दिलेली असतात.

कुंडीतील पट्टीवर मान्य नाव रोमन लिपीत, त्याखाली जुने नाव आणि रोपवाटिकेने सांगितलेले नाव पेन्सिलीने लिहावे, कारण शाई उन्हात उडते. जातीची खात्री नसल्यास केवळ प्रजाती लिहून पुढची जागा मोकळी सोडावी आणि फूल आल्यावर पुन्हा तपासावे. फुलाच्या रचनेवरून ओळख अधिक पक्की होते.